एक बोलतो, बाकीचे ऐकतात : हातातल्या बिनतारी संचाचा इतिहास

माळव्यातली आपली जुनी मराठी घरे बहुतेक शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांबरोबर इकडे आली. त्या फौजांत स्वार होते, गोलंदाज होते, कारकून होते, तसेच जासूद आणि हरकारेही होते. त्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत, पण फौजेचे डोळे आणि कान तेच. निरोप वेळेवर न पोचण्याची किंमत मराठी माणसाला निराळी सांगावी लागत नाही. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशापर्यंत आले होते. तेथे एका सावकाराचे सांकेतिक पत्र त्यांच्या हाती पडले आणि सर्वनाश झाल्याचे कळले. लढाई होऊन तोवर सुमारे दहा दिवस उलटले होते.

आज मंडळाच्या कार्यकर्त्याच्या कमरेला जो काळा डबा लटकलेला दिसतो, तो या जासूद-हरकाऱ्यांचाच वारस आहे. बोलीभाषेत आपण त्याला वॉकी-टॉकी म्हणतो, आमच्या खात्यात नुसता 'सेट' म्हणतात. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत हे सेट दुरुस्त करणारी, चालवायला शिकवणारी माणसे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हाती आला तेव्हापासून हेच काम. दर वर्षी उत्सवाच्या आधी मंडळांची तरुण मुले आम्हाला विचारतात, "काका, सगळ्यांकडे मोबाइल असताना हा डबा कशाला?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते पटते त्याचा इतिहास कळल्यावर. म्हणून हा लेखप्रपंच.

गाडीतून पाठीवर, पाठीवरून हातात

हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये बिनतारी लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. त्याच्या गाजलेल्या प्रयोगांतल्या काही लहरींची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. गंमत अशी की आजच्या ४५० मेगाहर्ट्झच्या सेटमधून निघणारी लहरही जवळजवळ तेवढीच लांब असते. पुढे १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात याहून कितीतरी आखूड लहरी वापरून भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. मार्कोनीने मात्र लांब लहरींची वाट धरली, कारण त्याला समुद्र ओलांडायचा होता, आणि १९०१ मध्ये तो अटलांटिकपार पोचला. आखूड लहरींना व्यवहारात यायला आणखी चाळीसेक वर्षे थांबावे लागले.

पोलिसांच्या कामात बिनतारी यंत्र आले ते अमेरिकेत. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. मुख्यालय बोलणार आणि गाडीने फक्त ऐकायचे. उत्तर द्यायचे तर शिपायाने गाडी थांबवून टेलिफोन शोधायचा. दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयोन गावच्या पोलिसांनी करून दाखवली. तरीही यंत्र गाडीतच राहिले, माणसाबरोबर चालू लागले नाही.

ते काम दोघांनी जवळजवळ एकाच सुमारास केले. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज याने १९३७ मध्ये, खाणकंपनीसाठी जंगलात उतरणाऱ्या वैमानिकांना उपयोगी पडेल असा उचलून नेण्याजोगा संच बनवला. अल ग्रॉस या तरुणाने १९३८ च्या सुमारास हातात मावणारा संच तयार केला. मग महायुद्ध आले आणि सैन्याला अशी यंत्रे हजारांनी लागू लागली.

शिकागोच्या गॅल्विन कंपनीने (हिचेच नाव पुढे मोटोरोला झाले) एससीआर-५३६ हा संच केला. १९४१ पासून तो अमेरिकी सैन्यात आला. वजन सुमारे सव्वादोन किलो, आत पाच व्हॉल्व. व्हॉल्वचे तंतू तापवायला दीड व्होल्टची एक बॅटरी आणि पुढच्या कामाला १०३.५ व्होल्टची दुसरी. वेगळे बटण नव्हते. एरियल बाहेर ओढली की संच चालू, आत ढकलली की बंद. जमिनीवरून आवाज जेमतेम दीड किलोमीटर जाई. असे सुमारे १,३०,००० संच तयार झाले. जुन्या युद्धपटांत सैनिक कानाला लावतो तो लांबट डबा हाच. मात्र त्याचे नाव होते 'हँडी-टॉकी'. 'वॉकी-टॉकी' हे नाव त्याच कंपनीच्या दुसऱ्या संचाचे, १९४३ च्या एससीआर-३०० चे. तो पाठीवर बांधायचा, वजन पंधरा-सोळा किलो, आत अठरा व्हॉल्व. पाठीवरच्या संचाचे नाव हातातल्याला कसे चिकटले, हे लोकांच्या जिभेलाच ठाऊक.

या पाठीवरच्या संचात एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे एफएम. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळवले होते. वीज कडाडली, इंजिन सुरू झाले की जुन्या एएम पद्धतीत खरखर व्हायची. एफएममध्ये ती बहुतांशी गळून पडते. युद्धकाळात आर्मस्ट्राँगने आपल्या पेटंटचा मोबदला सैन्याकडून घेतला नाही. पुढे बड्या कंपन्यांशी कोर्टकज्जे करता करता तो खचला आणि १९५४ मध्ये त्याने जीव दिला. आज बहुतेक साध्या सेटमधून जो स्वच्छ आवाज येतो, तो त्या माणसाचे देणे आहे.

विमानाशी बोलणारी 'जोन'

अल ग्रॉसची कथा इथे संपत नाही. १९४४ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याला जर्मनीत उतरवलेल्या हेरांसाठी संच हवा होता. नेहमीच्या यंत्रांच्या लहरी दूरवर पसरत आणि जर्मन पोलिस दिशाशोधक गाड्या फिरवून हेराचे घर हुडकून काढत. ग्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. त्यांनी २६० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, त्या काळाच्या मानाने फारच उंच पट्टा निवडला. हेराच्या हातातल्या छोट्या संचाचे नाव 'जोन', आणि वर नऊ-दहा किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणाऱ्या विमानातल्या मोठ्या संचाचे नाव 'एलिनॉर'. हेर खिडकीत उभा राहून साध्या भाषेत बोलायचा आणि वर ते तारेवर ध्वनिमुद्रित व्हायचे. जमिनीवरच्या शोधकांना मात्र काही पत्ता लागत नसे.

असे का होत असे, हे कळले की यूएचएफ सेटचे निम्मे शास्त्र कळले. लहर जितकी आखूड, तितकी ती सरळ रेषेत जाते, प्रकाशासारखी. डोंगर, पृथ्वीचा बाक, दाट इमारती आड आल्या की थांबते, पण समोर मोकळे आकाश असेल तर थोड्या शक्तीत खूप दूर जाते. म्हणून 'हा सेट किती किलोमीटर चालतो?' या दुकानातल्या प्रश्नाला एकच खरे उत्तर नाही. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटची बिनतारी क्षितिजरेषा हिशेबाने सुमारे पाच किलोमीटरवर येते. शंभर मीटर उंचीवरच्या एरियलची चाळीस किलोमीटरच्या पुढे जाते. डब्यावर छापलेले आकडे मोकळ्या मैदानातले असतात, राजवाड्याच्या गल्ल्यांतले नव्हेत.

'रिपीटर' नावाचे यंत्र याच हिशेबावर उभे आहे. उंच इमारतीच्या गच्चीवर किंवा टेकडीवर बसवलेला रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्याने बोलतो. हेरासाठी आकाशातले विमान जे काम करी, तेच काम आता गच्चीवरचा डबा करतो.

आता यूएचएफ म्हणजे काय, तेही सांगून टाकू. ३०० ते ३,००० मेगाहर्ट्झ हा तो पट्टा. हातातले सेट बहुधा ४०० ते ४७० च्या दरम्यान असतात. एरियल साधारण लहरीच्या पाव लांबीची लागते. १५० मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ सेटला हिशेबाने अर्धा मीटर, तर ४५० च्या सेटला सोळा-सतरा सेंटिमीटर पुरते. दारे-खिडक्यांतून, जिन्यांतून आत शिरणे आखूड लहरीला अधिक जमते. म्हणून मोकळ्या रानात व्हीएचएफ आणि दाट शहरात यूएचएफ, असा ढोबळ नियम पडला.

सेट खरोखर हलका झाला तो १९४७ च्या ट्रान्झिस्टरमुळे. पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारे हातातले संच १९६० च्या दशकात आले. बॅटरी आधी निकेल-कॅडमियमची (हिचा शोध १८९९ मधला), मग निकेल-मेटल-हायड्राइडची आणि १९९१ नंतर हळूहळू लिथियम-आयनची झाली.

आपल्याकडे

आपल्या देशात बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागतो, असा कायदा १९३३ मध्ये झाला. १९४६ मध्ये पोलिसांच्या बिनतारी कामाचा मेळ घालणारे केंद्रीय खाते सुरू झाले आणि १९५२ मध्ये फ्रिक्वेन्सी वाटून देणारी डब्ल्यूपीसी शाखा. आमच्या आधीची पिढी मोर्सच्या कट्ट-कड कट्टवर संदेश घेत असे. मग व्हीएचएफ आले, मग मोठ्या शहरांत यूएचएफ. आमच्या वरिष्ठांनी मोर्सची चावी आणि डिजिटल सेट दोन्ही एकाच नोकरीत हाताळले.

मोबाइल आल्यावर हे सगळे मोडीत निघेल असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही, आणि कारण सरळ आहे. मोबाइल टॉवरवर अवलंबून. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या झाँक्यांना लाखो माणसे एका रस्त्यावर येतात, टॉवर गच्च भरतो आणि फोन लागेनासा होतो. सेटला टॉवर लागत नाही. तो सेटकडून सेटकडे थेट बोलतो. शिवाय फोन एकाला लागतो, सेटवर एकदा बोलले की दहाजण ऐकतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजची टेलिफोन व्यवस्था कोलमडली, तेव्हा गुजरातेतल्या आणि बाहेरच्या हौशी रेडिओवाल्यांनी आपली यंत्रे नेऊन निरोप पोचवले. वडोदऱ्याच्या आपल्या मंडळींना ते दिवस आठवत असतील.

दुसरे बटण

पण यंत्र असले म्हणजे निरोप पोचलाच असे नाही. या बाबतीत ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कचा प्रसंग जगभर शिकवला जातो. तिथल्या चौकशी आयोगाच्या अहवालात तो तपशिलाने आला आहे.

त्या जुळ्या मनोऱ्यांत १९९३ मध्ये बॉम्बस्फोट झाला, तेव्हा अग्निशामक दलाच्या हातातल्या सेटचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत पोचला नव्हता. म्हणून नंतर तिथे रिपीटर बसवला. २००१ मध्ये विमाने आदळल्यावर उत्तर मनोऱ्याच्या खालच्या दालनात अधिकाऱ्यांनी तो वापरून पाहिला. त्याला बटणे दोन होती. एक रिपीटर सुरू करणारे, दुसरे तिथला मुख्य हँडसेट सुरू करणारे. पहिले दाबलेले होते, दुसरे दाबले गेले नव्हते. हँडसेटवर काही चालेना. शेजारच्या सेटवरून कुणी बोलत होता तेही ऐकू येईना, कदाचित आवाजाची खुंटी कमी केलेली असल्यामुळे. यंत्र बिघडले आहे असे समजून त्यांनी ते सोडून दिले. रिपीटर चालू होता. दक्षिण मनोऱ्यात गेलेल्या काहींनी तोच वापरला.

उत्तर मनोऱ्यातल्या जवानांना साध्या चॅनलवर राहावे लागले. एका चॅनलवर फार माणसे, वर फार मजले. दक्षिण मनोरा कोसळल्यावर 'खाली या' असा हुकूम सुटला, पण काहींपर्यंत तो पोचला नाही. कुणी दुसऱ्या चॅनलवर होते, तर सुट्टीवरून धावत आलेल्या काहींजवळ सेटच नव्हता. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. सगळा दोष सेटचा होता असे कुणी म्हणत नाही. पण आम्ही धंद्यातली माणसे ते दुसरे बटण विसरत नाही. कोट्यवधींचे यंत्र आणि जीव ओतणारी माणसे, यांच्यामध्ये एक न दाबलेले बटण उभे राहू शकते. म्हणून सेटची तपासणी कामाच्या आदल्या दिवशी करायची, कामाच्या वेळी नाही.

बोलण्याची रीत

सेटवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबले की तुमचा सेट बहिरा होतो, सोडले की मुका. या उणिवेतूनच बोलण्याची रीत घडली. 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपले. सिनेमात 'ओव्हर अँड आउट' एका दमात म्हणतात, ते निरर्थक आहे. 'रॉजर' म्हणजे 'होय' नव्हे, 'ऐकले, मिळाले' एवढेच. जुन्या अक्षरतालिकेत 'आर' या अक्षराला रॉजर म्हणत, आणि 'आर' म्हणजे 'रिसीव्ह्ड'. पुढे त्या अक्षराला रोमिओ म्हणू लागले, पण जिभेवर रॉजर राहिला.

मंडळांच्या मुलांना आम्ही इतकेच सांगतो :

१. आधी ऐका. चॅनल मोकळे असेल तरच बटण दाबा.

२. बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि 'नका सोडू' मधला 'नका' गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

३. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले. तोंडापासून दोन-तीन इंच अंतर ठेवा. ओरडू नका. ओरडल्याने आवाज दूर जात नाही, फाटतो. ढोल-ताशाजवळ असाल तर कानातला स्पीकर घ्या.

४. बोलायचे काय ते मनात ठरवून घ्या. ठिकाण, घटना, मागणी, एवढे तीन शब्द पुरतात.

५. सेट खिशात कोंबू नका. त्यावर बसू नका.

शेवटचा नियम हसण्यावारी नेतात. एका मिरवणुकीत आमच्या पाहण्यात असे झाले की एक कार्यकर्ता टेम्पोत सेटवर रेलून बसला आणि बटण दाबलेले राहिले. सगळ्या चॅनलवर त्याच्या टेम्पोचे इंजिन आणि गाणे. त्याच वेळी मागच्या चौकात एक लहान मुलगी आईपासून चुकली होती आणि निरोप देणाऱ्याचा सेट काही केल्या लागेना. मुलगी सापडली, देवाची कृपा. पण ती पाच-सात मिनिटे त्या आईने कशी काढली असतील! हल्लीच्या सेटमध्ये ठरावीक सेकंदांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती लावून घ्या.

जपणूक

दुरुस्तीला येणाऱ्या सेटांत खरा बिघाड थोडा, हयगय जास्त.

एरियल हा सेटचा प्राण. सेट एरियलला धरून उचलू नका. एरियल न लावता बोलण्याचे बटण दाबू नका, आतला शक्ती देणारा भाग जळू शकतो. हरवली म्हणून दुसऱ्या पट्ट्याची एरियल बसवू नका. पेच बसला म्हणजे जोड जमला असे नाही.

बॅटरी ऐकण्यापेक्षा बोलताना कितीतरी पट अधिक खर्च होते. कंपन्या 'इतके तास चालते' म्हणतात तेव्हा शंभरातली पाच मिनिटे बोलणे, पाच मिनिटे ऐकणे आणि नव्वद मिनिटे गप्प, असा हिशेब धरतात. मिरवणुकीत तो लागू पडत नाही. जास्तीच्या बॅटऱ्या हव्यातच. जुन्या निकेलच्या बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरवून भराव्या लागत. लिथियमला ते नको. उत्सव संपल्यावर लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून वर्षभर माळ्यावर टाकू नका. साधारण अर्धी भरून, सेटमधून काढून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पाहत राहा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे गुलाल. तो माइकच्या भोकात आणि चार्जिंगच्या पट्ट्यांवर बसतो. ओल्या फडक्याने पुसला तर त्याचा लगदा होऊन आतच जातो. आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. पावसात भिजलेला सेट चालू करून 'चालतो का' पाहू नका. बॅटरी काढा आणि पंख्याखाली नीट वाळू द्या. प्रत्येक सेटवर, बॅटरीवर आणि चार्जरवर नंबर टाका आणि कुणाला दिला ते वहीत लिहा. वही ठेवणाऱ्या मंडळाचे सेट पाच-सात वर्षे सहज टिकतात.

परवान्याची गोष्ट

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजारात स्वस्त सेट मिळतो म्हणून तो वापरायला मोकळीक आहे असे नाही. आपल्याकडे कमी शक्तीच्या सेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना खुला आहे. त्याबाहेर परवाना लागतो. १९३३ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी ही शिस्त कायम आहे. ऑनलाइन दुकानांवर असे सेट सर्रास विकले जाऊ लागले, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कारण कुणाच्या हातातला स्वस्त सेट पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या चॅनलवर जाऊन बसला, तर त्याचा भुर्दंड तिसराच कुणी भरतो. घेताना फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी विचारून घ्या, बिल घ्या. आणि 'टोन' लावला म्हणजे आपले बोलणे गुप्त झाले, असे समजू नका. टोनमुळे तुम्हाला इतरांचे ऐकू येत नाही, इतरांना तुमचे येतेच.

मोबाइलने आपल्याला कुणाशीही, कधीही, कितीही बोलायची सवय लावली. सेट उलटे शिकवतो. थोडके बोला, आपली पाळी येईपर्यंत ऐका, आणि बोलून झाले की बटण सोडा. हर्ट्झपासून आर्मस्ट्राँगपर्यंत कितीजणांनी आयुष्य वेचून हा डबा आपल्या हातात दिला. चुकलेले मूल आईच्या कुशीत लवकर परतावे, भोवळ आलेल्या आजोबांपर्यंत पाणी आणि डॉक्टर वेळेत पोचावेत, एवढ्यासाठी तो वापरता आला तरी त्या कष्टांचे चीज झाले. यंदा विसर्जनाच्या आदल्या दिवशी सगळे सेट भरून, प्रत्येकावर दोन शब्द बोलून पाहा. ज्या मंडळांना हे शिकून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी आम्ही सुट्टीच्या दिवशी आनंदाने येऊ.

गणपती बाप्पा मोरया!